मेमरी मिळालीच नाही तर? ड्रायव्हरमधली कधीच न चाललेली वाट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'तर' थोडे गाळलेत, बाकी सगळं तसंच आहे. फक्त एक सूचना. कर्नलमधल्या फंक्शनची नावं मी जशी उच्चारते तशीच इथे लिहिली आहेत: के-मॅलॉक, जीएफपी-कर्नल वगैरे. आणि कोडच्या ओळी काही ऐकवता येत नाहीत, त्यामुळे त्या काय करतात ते शब्दांत सांगते.

आजचा प्रश्न एका वाक्यात असा: ड्रायव्हरने मेमरी मागितली आणि कर्नल 'नाही' म्हणाला, तर पुढे काय?

उत्तर सोपं वाटतं. नल आला का ते बघा, आला असेल तर परत फिरा. कुठलंही ट्युटोरियल उघडा, हेच सांगतं. पण खरी गोची त्या तपासणीत नसते, ती तपासणीनंतरच्या चार-पाच ओळींत असते. कारण त्या ओळी लिहिणाऱ्याच्या मशीनवर बहुतेक वेळा एकदाही चाललेल्या नसतात. पहिल्यांदा चालतात त्या कुणाच्या तरी खिशातल्या फोनवर, तोही मेमरी भरून आधीच रडकुंडीला आलेला असताना.

अ‍ॅप पडलं तर पडलं, पण कर्नल?

आधी फरक समजून घेऊ. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स कर्नल आहे. त्याच्या वर अ‍ॅप्स. मेमरी कमी पडली की अँड्रॉइडमधला एक पहारेकरी प्रोसेस मागे पडून राहिलेली अ‍ॅप्स बंद करायला लागतो. तुम्ही परत त्या अ‍ॅपवर जाता आणि ते पहिल्यापासून लोड होतं. वैताग येतो, पण फोन चालू राहतो.

ड्रायव्हरचं तसं नाही. टचस्क्रीन, कॅमेरा, वाय-फाय, ब्लूटूथ या सगळ्यांचे ड्रायव्हर कर्नलच्या आत, कर्नलच्याच अधिकाराने चालतात. तिथे एखाद्या ड्रायव्हरने नल पॉइंटर खरा पत्ता समजून वापरला, तर कर्नल 'ऊप्स' नावाचा रिपोर्ट छापतो आणि तेव्हा चालू असलेलं काम तिथेच मारून टाकतो. त्या कामाने एखादं लॉक धरलेलं असेल, तर ते तसंच धरलेलं राहतं, आणि त्या लॉकची वाट बघणारे सगळे कायमचे अडकतात. ऊप्स आला की थेट रीस्टार्ट करायचा, असंही ठरवून ठेवता येतं. वापरणाऱ्याला दिसतं काय? 'फोन हँग झाला' किंवा 'आपोआप बंद पडला'.

आणि हा चांगला शेवट म्हणायचा! वाईट शेवट असा, की ड्रायव्हर पडत नाही, चालत राहतो, पण सोडून दिलेली मेमरी वापरत राहतो. ती जागा तोवर दुसऱ्याच कुणाला मिळालेली असते. अशा चुका फोनचा पूर्ण ताबा मिळवायला वापरल्या जातात.

मागताना काय सांगायचं

ड्रायव्हर सहसा के-मॅलॉककडे मेमरी मागतो, किंवा के-झॅलॉककडे, जो जागा शून्याने पुसून देतो. मागताना दोन गोष्टी सांगायच्या: किती बाइट हवेत, आणि 'मी थांबू शकतो का'. ही दुसरी गोष्ट म्हणजे जीएफपी फ्लॅग.

जीएफपी-कर्नल म्हणजे 'मला घाई नाही, मी थांबतो.' मग कर्नल जागा मोकळी करायच्या मागे लागतो. कॅश रिकामा करतो, गरज पडली तर एखादी प्रोसेस मारतोसुद्धा. तोपर्यंत तुमचा कोड झोपून राहतो.

जीएफपी-अ‍ॅटॉमिक म्हणजे 'मी थांबूच शकत नाही.' इंटरप्ट हँडलरमध्ये असाल किंवा स्पिनलॉक धरला असेल, तर झोपायची परवानगी नसते. मग कर्नल हाताशी असेल ते देतो, थोडं राखीव साठ्यातूनही देतो. मोठ्या बिल्डिंगच्या टाकीत आगीसाठी पाणी राखून ठेवतात ना, तसा हा साठा. पण तोही संपतो, आणि संपला की लगेच नल. त्यामुळे अ‍ॅटॉमिक मागणी नापास होणं ही रोजच्या व्यवहारातली गोष्ट समजूनच कोड लिहायचा. 'सेफ राहावं म्हणून सगळीकडे अ‍ॅटॉमिक' हा सल्ला तर उलटाच. त्याने राखीव साठा विनाकारण संपतो आणि ज्याला खरी गरज आहे त्याला नकार मिळतो.

आणखी एक. के-मॅलॉक देतो ती जागा फिजिकल मेमरीत सलग असते. त्यामुळे एकूण मेमरी भरपूर मोकळी असूनही मोठी मागणी नापास होऊ शकते, कारण मोकळ्या जागेचे तुकडे तुकडे झालेले असतात. बसमध्ये दहा सीट रिकाम्या असतात, पण पाच जणांना शेजारी शेजारी बसायला मिळत नाही, तसंच. मोठी जागा हवी असेल आणि ती फिजिकली सलग असण्याची गरज नसेल, तर के-व्ही-मॅलॉक वापरा. तो २०१७ मध्ये कर्नल ४.१२ मध्ये आला. तो आधी सलग जागा शोधतो, नाही मिळाली तर तुकडे जोडून देतो.

'इतकं लहान, की नापासच होत नाही'

आता मजेशीर भाग. २०१४ च्या शेवटी कर्नल डेव्हलपर्समध्ये एक चर्चा झाली आणि अनेक जुन्याजाणत्यांना धक्का बसला. तेत्सुओ हांदा यांनी मेमरी संपल्यावर सिस्टीम अडकून पडते, अशी तक्रार मांडली होती. त्यावरच्या चर्चेत एक्स-एफ-एस फाइल सिस्टीमवर काम करणारे डेव्ह चिनर आणि मेमरी विभागाचे मायकल होचको यांच्यासारखी मंडळी होती. त्यातून ठळकपणे पुढे आलं ते असं: जीएफपी-कर्नल वापरून केलेली लहान मागणी व्यवहारात जवळजवळ कधीच नापास होत नाही. लहान म्हणजे किती? तर ८ पानांपर्यंत. ४ केबीचं पान धरलं तर ३२ केबी. तेवढ्यासाठी कर्नल नल देत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो.

तुम्ही म्हणाल, मग छानच की! नाही. समजा एका प्रोसेसने लॉक धरलाय आणि ती मेमरीसाठी थांबली आहे. कर्नलने जागा करायला दुसरी प्रोसेस मारायची ठरवली. पण मरायच्या आधी त्या दुसरीला तोच लॉक हवाय. पहिली मेमरीसाठी थांबली, दुसरी लॉकसाठी थांबली, आणि सिस्टीम दोघींसाठी.

मग नियम बदलून सरळ नल का देत नाहीत? हा बदल सगळ्यांना भीतिदायक वाटला, आणि त्याचं कारण आजच्या विषयाचं मूळ आहे. नल आला तर काय करायचं, हा कोड कर्नलमध्ये हजारो ठिकाणी लिहिलेला आहे. पण लहान मागण्या नापासच होत नसल्याने त्यातला बराचसा कधी चाललेलाच नाही. उद्या नल द्यायला लागलो तर त्यातला किती कोड बरोबर निघेल, याची खात्री कुणाला द्यायची?

बरं, हे कर्नलने दिलेलं वचनही नाही. कर्नलचं अधिकृत डॉक्युमेंटेशन स्पष्ट सांगतं, की लहान मागण्या सहसा नापास होत नाहीत, पण याची हमी नाही, त्यामुळे तपासणी करायलाच हवी. ज्या प्रोसेसला मेमरीसाठी मारायचं ठरलंय, तिची मागणी नापास होऊ शकते, हे उदाहरणही तिथे दिलंय. 'माझ्याकडे तर कधी नल आला नाही' याला म्हणूनच काही अर्थ नाही.

मांडव उतरवायचा क्रम

आता परत फिरायची वाट कशी लिहायची ते बघू. समजा टचस्क्रीनचा ड्रायव्हर सुरू होतोय. चार पायऱ्या आहेत:

१. ड्रायव्हरच्या माहितीसाठी जागा घ्या.
२. हार्डवेअरशी डेटा देवाणघेवाणीचा बफर घ्या.
३. इंटरप्ट जोडा.
४. 'मी तयार आहे' असं सिस्टीमला सांगा, म्हणजे नोंदणी करा.

चौथी पायरी फसली तर आधी इंटरप्ट सोडायचा, मग बफर, मग पहिली जागा. तिसरी फसली तर बफर आणि जागा. मांडव उतरवताना आधी दिवे काढतात, मग कापड, शेवटी बांबू. आधी बांबू काढले तर सगळं डोक्यावर येतं.

इथे क्रम चुकला तर काय होतं? बफर आधी सोडला आणि इंटरप्ट अजून जोडलेला आहे. त्याच क्षणी कुणी स्क्रीनला बोट लावलं, की हँडलर सोडलेल्या बफरमध्ये लिहायला जाणार.

लिनक्समध्ये यासाठी गोटू वापरायची पद्धत आहे. कॉलेजात शिकवतात की गोटू वाईट. इथे ते अगदी योग्य ठरतं. फंक्शनच्या शेवटी आवराआवरीच्या ओळी उलट्या क्रमाने लिहायच्या, प्रत्येकीला लेबल द्यायचं, आणि जी पायरी फसेल तिथून नेमक्या लेबलवर उडी मारायची. लेबलला 'एरर-वन', 'एरर-टू' अशी नावं देऊ नका. 'बफर-सोडा' अशा अर्थाचं नाव द्या. मध्येच एक पायरी वाढली की आकड्यांची नावं फसवतात.

या वाटेवरच्या नेहमीच्या चार चुका सांगते:

• चुकीचा निकाल परत करणं. मेमरी मिळाली नाही तर उणे ई-नो-मेम, म्हणजे उणे १२, परत करायचा असतो. ते राहून गेलं आणि शून्य परत गेला, तर कर्नल समजतो सगळं व्यवस्थित आहे, आणि अर्धवट उभ्या ड्रायव्हरला काम देतो.

• एकच जागा दोनदा सोडणं. के-फ्रीला नल दिला तर तो गप्प बसतो, ते चालतं. पण एकदा सोडलेला पत्ता परत दिला तर मेमरीचा हिशोबच बिघडतो.

• जागा वाढवताना जुना पत्ता हरवणं. के-रीअ‍ॅलॉकचं उत्तर थेट जुन्याच पॉइंटरमध्ये ठेवलं आणि ते नल निघालं, तर जुनी जागा अजून तुमचीच आहे, पण तिचा पत्ता गेला. उत्तर आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्या, तपासा, मग बदला.

• जगाला लवकर सांगणं. नोंदणी झाली की त्या क्षणापासून एखादं अ‍ॅप तुमचं डिव्हाइस उघडू शकतं. म्हणून नोंदणी सगळ्यात शेवटी. नोंदणीनंतर मेमरी मागायची वेळच येता कामा नये.

आणि हो, नल आल्यावर 'मेमरी संपली' असा मेसेज छापायची गरज नाही. मागणी नापास झाली की कर्नल स्वतःच सविस्तर माहिती लॉगमध्ये टाकतो. पॅच तपासणारी कर्नलची स्क्रिप्टसुद्धा असा मेसेज अनावश्यक म्हणून दाखवते.

आपोआप आवरणारी साधनं

ही आवराआवर हाताने करणं जिकिरीचं आहे, म्हणून २००७ मध्ये कर्नल २.६.२१ पासून डेव्ह-एम नावाची सोय आली. डेव्ह-एम-के-झॅलॉकने घेतलेली जागा डिव्हाइसच्या नावावर लिहिली जाते. सुरुवात फसली किंवा डिव्हाइस काढलं, की कर्नल सगळं उलट्या क्रमाने आपोआप सोडतो. गोटूची अर्धी यादी गायब!

पण एक खाचखळगा आहे. डेव्ह-एमची जागा डिव्हाइस असेपर्यंतच टिकते. यूएसबी कॅमेरा लावलाय, अ‍ॅपने तो उघडलाय, आणि तुम्ही वायर उपटली. डिव्हाइस गेलं, जागा सोडली गेली, पण अ‍ॅपच्या हातात फाइल अजून उघडीच आहे. अ‍ॅपने काही विचारलं की ड्रायव्हर सोडलेल्या जागेत डोकावणार. जी माहिती अ‍ॅपच्या उघड्या फाइलशी जोडलेली आहे, तिच्यासाठी डेव्ह-एम नको. तिथे वापरणारे किती आहेत याची मोजणी ठेवायची आणि शेवटचा गेल्यावर सोडायचं.

फंक्शनपुरत्या तात्पुरत्या जागेसाठी २०२३ पासून, म्हणजे कर्नल ६.५ पासून, व्हेरिएबलवरच 'फंक्शन संपलं की सोड' अशी खूण करता येते. आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये कर्नल ६.१ मधून रस्ट भाषेने पाऊल ठेवलं. त्याआधी २०२१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचा एक मोठा आक्षेप हाच होता: मेमरी मिळाली नाही म्हणून कोडने थेट पॅनिक करायचं, हे कर्नलमध्ये चालणार नाही. त्यामुळे कर्नलमधल्या रस्टमध्ये मेमरीची मागणी 'मिळाली' किंवा 'नाही' असं उत्तर देते, आणि 'नाही'चा विचार केल्याशिवाय मिळालेली जागा वापरताच येत नाही.

नकार पचवायची सोय आधीच करा

सगळीकडे 'परत फिरा' चालत नाही. नेटवर्क ड्रायव्हर घ्या. हार्डवेअरला तो रिकाम्या बफरची एक माळ देतो. पॅकेट आलं की भरलेला बफर वर पाठवायचा आणि त्या जागी नवा ठेवायचा. नवा मिळालाच नाही तर? भरलेला वर पाठवून जागा रिकामी सोडत गेलात, तर हळूहळू माळ संपते. माळ संपली की पॅकेट येत नाही, पॅकेट नाही म्हणून इंटरप्ट नाही, आणि इंटरप्ट नाही म्हणून माळ भरायची आठवण कुणी करत नाही. मेमरी नंतर मोकळी होते, तरी नेट बंदच!

शहाणा उपाय साधा आहे. आधी नवा बफर मागा. मिळाला तर जुना वर पाठवा. नाही मिळाला तर ते एक पॅकेट टाकून द्या आणि जुनाच बफर परत माळेत ठेवा. एक पॅकेट हरवलं तर चालतं, टीसीपी ते परत मागवून घेईल. हार्डवेअर उपाशी राहिलेलं चालत नाही.

यातून तत्त्व असं निघतं: ज्या कामात नकार परवडत नाही, त्या कामाची मेमरी सुरुवातीलाच घेऊन ठेवा. तेव्हा नकार आला तर ड्रायव्हर सुरूच होणार नाही, नुकसान कमी. डिस्कवर लिहिण्याच्या वाटेवर तर हे फारच महत्त्वाचं, कारण मेमरी मोकळी करायलाच कधी कधी डिस्कवर लिहावं लागतं. तिथे मेमपूल वापरतात, म्हणजे बाजूला काढून ठेवलेला ठरावीक साठा. 'नकार देऊच नकोस' असं सांगणारा जीएफपी-नोफेल फ्लॅगही आहे, पण त्यात कोड अनिश्चित काळ अडकू शकतो. खरोखर दुसरा मार्ग नसेल तरच तो घ्या.

आणि एक उलटी केस: नापास व्हायला हवं ते पास होणं. समजा अ‍ॅपने सांगितलं, प्रत्येकी ३२ बाइटच्या १३,४२,१७,७२९ नोंदी हव्यात. ३२-बिट मशीनवर हा गुणाकार मर्यादेबाहेर जातो, गोल फिरून येतो, आणि उत्तर निघतं ३२. कर्नल आनंदाने ३२ बाइट देतो, आणि ड्रायव्हर तिथे १३ कोटी नोंदी लिहायला बसतो. म्हणून संख्या आणि आकार स्वतः गुणू नका. के-मॅलॉक-अ‍ॅरेला दोन्ही वेगवेगळे द्या. गुणाकार मर्यादेबाहेर गेला तर तो नल देतो.

मुद्दाम नकार मिळवा

आता न चाललेली वाट चालवून कशी बघायची? त्यासाठी कर्नलमध्ये २००७ पासून, २.६.२० मध्ये आलेलं फेल-स्लॅब आहे. ते चालू केलं की मेमरी भरपूर असतानाही कर्नल ठरवून नल देतो.

हा प्रयोग रोजच्या लॅपटॉपवर नको, क्यू-एमूसारख्या व्हर्च्युअल मशीनमध्ये करा. फॉल्ट-इंजेक्शन आणि फेल-स्लॅब चालू ठेवून कर्नल बांधा. सोबत के-सॅन ठेवा, तो सोडलेल्या जागेचा वापर आणि दोनदा सोडणं पकडतो. आणि के-मेम-लीक, तो सोडायच्या राहिलेल्या जागा दाखवतो.

मग फेल-एन्थ वापरा. प्रोसेसच्या प्रोक-फाइलमध्ये एक आकडा लिहायचा, की पुढची तितकावी मागणी नापास होते. १ लिहा, ड्रायव्हर लोड करा, बघा. मग २, मग ३. लोडिंग नीट पूर्ण होईपर्यंत वाढवत जा. अशा रीतीने त्या वाटेवरचं प्रत्येक वळण एकदा तरी चालून होतं. गूगलचं सिझकॉलर हे साधनही हीच युक्ती वापरून कर्नलमधल्या चुका शोधतं.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवा. फेल-स्लॅबमध्ये 'इग्नोर-जीएफपी-वेट' नावाचं सेटिंग आहे आणि ते मुळात चालू असतं. म्हणजे थांबू शकणाऱ्या मागण्यांना, आपल्या जीएफपी-कर्नलला, ते हातच लावत नाही. ते बंद केलं नाही तर चाचणी हिरवी दिसेल आणि तपासलेलं मात्र फारसं काही नसेल.

ज्यांना आज करून बघायचंय त्यांनी कर्नलमधला एखादा छोटा ड्रायव्हर घ्या आणि त्याचं सुरुवातीचं फंक्शन शेवटाकडून वर वाचा. प्रत्येक लेबलपाशी थांबून विचारा: इथे येईपर्यंत काय काय घेतलं होतं, आणि खाली ते सगळं सुटतंय का? मग फेल-एन्थ लावा आणि तुमचं उत्तर पडताळा. काही सापडलं तर कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोपर्यंत, काळजी घ्या मंडळी!